त्रेसष्ट काचा

प्रिंटरच्या कागदाच्या कडेची भोकांची पट्टी खुशालने हाताभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली... गोल गोल भोकं, एका ओळीत, सारख्या अंतरावर, आणि कागद एकदा फाडून वेगळा केला की ही पट्टी कुणाच्याच कामाची नाही. शिपायाने तिचा ढीग व्हरांड्याच्या कोपऱ्यात लोटून ठेवला होता, त्यातली एक याने उचलली ती उगीच, हाताला चाळा हवा म्हणून. सकाळची आरमोरीहून सुटणारी एसटी पकडून तो गडचिरोलीला आला त्याला आता दोन तास झाले होते आणि अजून त्याचा नंबर लागला नव्हता. एकेकाला आत बोलावणं चाललं होतं. दाराबाहेर सध्या नथ्थूच्या टायरच्या चपला होत्या — नथ्थू म्हणजे शेजारच्या गावांचा मलेरिया कर्मचारी, याच्यासारखाच, बारा महिने पायपीट करणारा.

आत कॉम्प्युटर होता. जिल्हा होऊन सहा वर्षं झाली, अर्धे रस्ते अजून पावसात बंद पडतात, आणि हा मात्र आला — थंड खोलीत, जाड पडद्यांच्या आड, आणि त्याच्यापुढे जायचं तर चपला बाहेर काढून. का, तर म्हणे धूळ चालत नाही त्याला. बरं बाबा, नाही चालत. आम्ही विहारात चपला काढतो ते वेगळं, तिथे कुणी सांगावं लागत नाही. इथे दारावर पाटीच होती.

खुशालला हसू यायला हवं होतं. पण काल दुपारपासून त्याला कशाचंच हसू येत नव्हतं. काल दुपारी तो पिपरमेट्यात होता. एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून जंगलातून तीन तास चालायचं, मधे नदी, नदीवर पूल नाही. तिथे सोमाजी कुमरेची सून रंभा, सातवा महिना लागलेली, तापाने फणफणत पडली होती. त्याने झोळीतल्या होत्या तेवढ्या कडू गोळ्या दिल्या. पण या पावसाळ्यातला ताप गोळ्यांना दाद देत नव्हता, डोक्यात चढत होता, त्याला सुईतलं औषध लागतं आणि सुई टोचायला डॉक्टर लागतो. खाटेवर घालून तिला न्यावं म्हटलं तर नदीला छातीएवढं पाणी. सोमाजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा हा बोलून गेला की गाडी येईल, डॉक्टरांचं पथक येईल, उद्या मी गडचिरोलीलाच चाललो आहे. बोलून गेला खरा. आणि तीन तासांच्या त्या वाटेवर, पिकायला आलेल्या धानाच्या बांध्यांमधून, त्याला पावलोपावली आठवत राहिलं की गाडी येणार नाही, येऊच शकत नाही, कारण पिपरमेट्यात ताप नाही असं त्यानेच लिहून दिलेलं आहे.

त्यानेच. मीच. दुसरं कोण?

जूनमध्ये आरमोरीला बैठक झाली होती. जिल्ह्याचे मलेरियाचे साहेब नवे होते, तरुण, मनापासून बोलणारे — अशा माणसाचा राग धरता येत नाही, हीच पंचाईत. ते म्हणाले की आजवर औषध कुठे गेलं, तर जिथे रस्ता होता तिथे, जिथला सरपंच मोठ्याने बोलतो तिथे. आता तसं नाही. प्रत्येक गावातल्या प्रत्येक माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्या काचेचा नंबर फॉर्मच्या चौकोनात लिहायचा, तपासणीत काय निघालं ते पुढच्या चौकोनात, आणि हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं. ताप कुठे आहे ते तो सांगेल आणि महिन्याची यादी काढेल. यादीत असेल त्या गावाला पथक जाईल, गोळ्या जातील, फवारणी होईल. मग पुढे म्हणाले, त्याला आडनाव कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो.

बाकीचे सात कर्मचारी तेव्हा फॉर्मची पानं मोजत होते. खुशालच्या मात्र अंगावर काटा आला. आडनाव न कळणारा कुणीतरी कचेरीत बसणार... हे ऐकायला बाप हवा होता.

बाप, लहानू खोब्रागडे, ही एकच गोष्ट आयुष्यभर सांगत आला. त्याच्या लहानपणी गावात देवी टोचणारा यायचा. तो पाटलाच्या ओसरीवर बसायचा, तिथेच चहा प्यायचा, आणि आमच्या वस्तीत पाऊल न टाकता पाटलाला विचारून वस्तीतल्या सगळ्या पोरांची नावं वहीत उतरवून घ्यायचा. सगळ्यांना टोचलं. त्या उन्हाळ्यात बापाची धाकटी बहीण देवीने गेली, चार वर्षांची, आणि वहीत तिच्या नावापुढे खूण होती. बापाने ती वही कधी पाहिली नव्हती, पाहिली असती तरी त्याला वाचता येत नव्हतं, पण खूण होती हे तो अशा आवाजात सांगायचा की ती मला दिसायची. खुशालला ही नोकरी लागली तेव्हा बापाने पेढे वाटले नाहीत. घरोघर जाशीन, एवढंच म्हणाला. आणि तो गेला. अकरा वर्षं गेला. प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या तक्त्यात भेटीची तारीख घालून सही करायची असते, त्याने ओसरीवर बसून एकही सही केली नाही. पिपरमेट्यातसुद्धा तो घरोघर गेला होता हो, तेराच्या तेरा घरांत गेला होता. प्रश्न तो नव्हताच.

दार उघडलं. नथ्थू बाहेर आला, कान लाल झालेले, चपलांत पाय घालता घालता पुटपुटला की निम्मे फॉर्म कोरे का म्हणून साहेबांनी चांगलंच झापलं. लोक रक्त द्यायला तयार नाहीत तर मी काय त्यांचे हात धरू? मग जरा हसला.

“शिव्या खाल्ल्या, पण माह्यी चारई गावं लागली ना यादीत. उद्या गाडी निघून राह्यली.”

खुशालने त्याला बरं झालं म्हटलं आणि ते त्याला खरंच बरं वाटलं, आणि लगेच इतका हेवा वाटला की तो नथ्थूच्या तोंडाकडे बघू शकला नाही. याच्या कोऱ्या चौकोनांनीच, तपासलं नाही म्हणून, याची गावं वाचवली. माझा एकही चौकोन कोरा नाही.

शिपायाने त्याचं नाव घेतलं. चपला काढून तो आत गेला. आत थंडगार, पायाखालची फरशी गार, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, आणि समोर खुर्चीवर कांताबाई — ब्रह्मपुरीकडची, नागपूरला शिकून आलेली, मशीन चालवणारी ही एकटीच. ती बटणं दाबायची, मग सगळे थांबायचे, मग अक्षरं एकेक ओळ करत वर सरकायची. पिपरमेटा. घरे तेरा. माणसे त्रेसष्ट. घेतलेल्या काचा त्रेसष्ट. ताप, शून्य.

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर! अख्ख्या जिल्ह्यात, म्हणाले, हे एकच गाव आहे जिथे एकही माणूस सुटला नाही, आणि तेही जंगलातलं, नदीपलीकडचं. जूनमध्ये त्रेसष्ट, ऑगस्टमध्ये पुन्हा त्रेसष्ट, दोन्ही वेळा शून्य. तुम्ही हे जमवलं कसं ते जेवणानंतर बाकीच्यांना सांगा.

कसं जमवलं... जून होता. आभाळ भरून आलेलं, आज नदी ओलांडली नाही तर चार दिवस अलीकडे येता येणार नाही अशी वेळ. सोमाजीच्या ओट्यावर त्याने सामान मांडलं, काचा, सुया, कापूस, स्पिरिट. सहा वर्षांची चंदा, सोमाजीची नात, सुई बघून आजीच्या, ठमाबाईच्या लुगड्यात शिरली आणि रडायलाच लागली. तेव्हा सोमाजी पुढे आला. घरावर काही आलं, देवाला काही द्यायचं झालं, तर त्या गावात घराचा म्हातारा सगळ्यांच्या वतीने देतो. पोरासोरांना पुढे करत नाहीत, ते बरं दिसत नाही. त्याने आपला हात ओट्यावर ठेवला.

“लेकराईले काऊन टोचता, भाऊ? घराचं रक्त एकच होय. माह्यच घ्या, पाचईचं.”

खुशालने तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. समजवायला हवं होतं, की भाऊ, हे देणं नाही, ही तपासणी आहे. तो म्हणालाही बहुतेक, एकदा, अर्धवट. पण आभाळ बघितलं. पोर रडत होती आणि तिचं रडणं थांबावं असं वाटत होतं, हेही खरं. मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं, हे त्याहून खरं. त्याने सोमाजीच्या बोटातून पाच काचा काढल्या आणि पाच नंबर टाकले. मग गावच तसं झालं. सोमाजी गावातला मोठा, त्याने केलं ते सगळ्यांनी केलं, तेरा घरांचे तेरा म्हातारे ओळीने हात पुढे करून बसले. जंगलात जन्म काढलेली माणसं ती, लहानपणापासूनच्या तापांनी सरावलेलं रक्त; त्यांना थंडी वाजली तरी दोन दिवसांत उठून कामाला लागायची. त्यांच्या काचांत काय सापडणार होतं? कोवळं रक्त होतं ते लुगड्याच्या आड. तीन दिवसांचं काम दीड तासात झालं आणि नदी ओलांडून अलीकडे आल्यावर तो चक्क शीळ घालत होता. ऑगस्टला पुन्हा तेच. सप्टेंबरात चंदा तापाने गेली. चौथ्या दिवशी गेली, आणि हा तिथे पोचला सहाव्या दिवशी. आणि फॉर्मवर मेलेल्या माणसाचा चौकोनच नव्हता, कोतवालाच्या वहीत तो वेगळा असतो, म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही.

“साहेब, पिपरमेट्यात ताप आहे,” खुशाल म्हणाला.

साहेबांचा हात पाठीवरून निघाला. कोण म्हणतं, त्यांनी विचारलं. मी म्हणतो, काल बघून आलो. साहेबांनी हिरव्या अक्षरांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि अगदी शांतपणे, रागाशिवाय म्हणाले, “तुम्हीच लिहिलेलं खरं, की तुम्ही आत्ता बोलताय ते?”

काय सोपा प्रश्न होता! उत्तर तोंडात होतं. ते बोललं की पुढचं सगळं त्याला दिसत होतं — निलंबन, चौकशी, आरमोरीच्या भाड्याच्या खोलीत तोंड लपवून बसलेली अंजना, दहावीत गेलेली मुलगी, आणि ‘यांना नोकऱ्या दिल्या की हे असंच’ म्हणणारे, म्हणायला टपून बसलेले दहा जण. तो म्हणाला, नवीन असेल साहेब, आत्ताच आलेला. मग नव्याने काचा घ्या, साहेब म्हणाले, पुढच्या महिन्याच्या यादीत येईल. आज जर मी कुणाच्या सांगण्यावरून गाव आत टाकलं तर उद्या सरपंच येऊन उभे राहतील, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यांचं बरोबरच होतं. हेच ऐकून जूनमध्ये माझ्या अंगावर काटा आला होता. पुढच्या महिन्यापर्यंत रंभा राहणार नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन झाडाखाली गेले. तो व्हरांड्यातच बसून राहिला. कांताबाई हात पुसत बाहेर आली, इकडेतिकडे बघून त्याच्यापाशी थांबली. एवढंच म्हणाली की एका दिवसात त्रेसष्ट काचा होत नाहीत, भाऊ, माह्या मोठ्या भावानंही हेच काम केलं आहे, वीस झाल्या तरी दिवस बुडतो. मशीनला ते कळत नाही. मशीनला दिलं ते ते घेतं. खुशालने मान खाली घातली. वाटलं, आता ही आत जाऊन सांगेल. आणि लाज वाटावी असं दुसरंही वाटलं, की सांगू दे, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. पण ती सांगणाऱ्यातली नव्हती. तिने आतून फॉर्मचा एक गठ्ठा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

“चूक नोंद रद्द कराचे होत हे. माणसागणिक एक. कारण लिहा, साहेबाची सही घ्या. ते वाचल्याबिगर सही नाई करत. अर्ध्या काचा नसल्या तं गाव तपासलंच नाई असं धरते मशीन, अन् आपोआप यादीत घेते. चार वाजता यादी काढतो आम्ही.”

एवढं बोलून ती गेली. चहा प्यायला गेली बहुतेक.

दीड वाजला होता. त्याने पेन काढलं. सुरुवात सोपी होती, हाताला सवयीची होती — गाव क्रमांक, घर क्रमांक, माणूस क्रमांक. घर एक, माणूस एक, सोमाजी. याचा फॉर्म भरायचा नव्हता, याची काच खरी होती. तेरा म्हाताऱ्यांच्या तेरा खऱ्या, बाकी पन्नास. घर एक, माणूस दोन, ठमाबाई. कारणाच्या ओळीवर पेन थांबलं आणि मग त्याने लिहिलं, ‘रक्त तिचे नाही’. लिहून झाल्यावर त्याने वाचलं. चार शब्दही नाहीत, आणि यात नोकरी गेली. माणूस तीन, लच्छू, सोमाजीचा मुलगा. रक्त त्याचे नाही. माणूस चार, रंभा. रक्त तिचे नाही. तो भराभर लिहीत होता, आणि कुठेतरी, अगदी आत, त्याला बरं वाटायला लागलं होतं — हेच, असंच एकेक करत जायचं, पन्नास फॉर्म, मग साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, ते वाचतील, ओरडतील, काय करायचं ते करतील, आणि उद्या गाडी निघेल. बाकी सगळं सोसता येईल. आयुष्यात एकदा छाती काढून सरळ उभं राहता येईल.

घर एक, माणूस पाच. चंदा. वय सहा. ताप, नाही.

मशीनमध्ये ती अजून होती. पिपरमेट्यात तिच्यावर माती टाकून महिना झाला होता, आणि इथे, त्या गार खोलीत, ती सहा वर्षांची, चांगली, ताप नसलेली अशी बसलेली होती. मी बसवलेली. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला, आणि मग ते आलंच... महिनाभर तो जे आठवू देत नव्हता ते. ती गेल्यावर तो पोचला तेव्हा ठमाबाई आत होती आणि सोमाजी ओट्यावर दोर वळत बसला होता. रडत नव्हता. भांडलाही नाही. भांडला असता तर किती बरं झालं असतं. त्याने खुशालला बसायला जागा करून दिली, पाणी मागवलं, आणि हातातला दोर न थांबवता, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं:

“माह्यं रक्त तं चांगलं होतं ना, भाऊ? तुमीच सांगतलं होतं. मंग तिले काऊन नाई पुरलं?”

पुरलं. हा शब्द. त्याने तिच्या वाटचं दिलं होतं. तपासायला नव्हे, वाचवायला दिलं होतं. दोनदा दिलं होतं, आणि ते कमी पडलं असं समजून तो म्हातारा महिनाभर स्वतःतच काहीतरी खोट शोधत बसला असेल, कुठे चुकलो, कोणतं पाप, कोणता देव राहिला... आणि खुशालने त्याला काय उत्तर दिलं होतं? चांगलंच होतं भाऊ, म्हणाला. पाणी प्यायला आणि उठला. भिंतीवरच्या तक्त्यात तारीख घालून सही केली.

व्हरांड्यात माणसं परत यायला लागली होती. नथ्थूने लांबून विचारलं, काय लिहून राह्यला रे एवढं. खुशालने गठ्ठ्यावर हात आडवा धरला. त्याने स्वतःच्या आत नोकरीची भीती शोधून पाहिली, साहेबांच्या त्या शांत आवाजाची, अंजनाच्या तोंडाची, टपून बसलेल्यांच्या हसण्याची. सगळं होतं, पण लांब कुठेतरी, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. सकाळपासून, नव्हे जूनपासून, त्याला वाटत होतं की खरं सांगायचं ते या दाराच्या आत सांगायचं आहे. चपला काढून, एकदा, आणि सुटायचं. आणि आता त्याला स्पष्ट कळत होतं की इथलं सांगणं काहीच नाही, हे तर नुसते पन्नास कागद. उद्या गाडी निघाली तर तिच्यात वाट दाखवायला कुणीतरी लागणार, आणि ती वाट या जिल्ह्यात त्याच्याइतकी कुणालाच माहीत नाही. गाडी नदीपाशी थांबेल. डॉक्टर रंभाच्या खाटेकडे जातील. सोमाजी जागा करून देईल, पाणी मागवेल. तेव्हा त्याला सांगावं लागेल की भाऊ, तुझं रक्त चांगलं होतं, तुझ्यात काही खोट नव्हती, पण ते तिला पोचलंच नाही, ते मी तिच्या नावावर मांडलं आणि तिचं बघितलंच नाही... आणि तो दोर वळायचा थांबेल, आणि बघेल.

साहेबांची भीती आता त्याला वाटत नव्हती. सोमाजीची वाटत होती. इतकी, की एका क्षणी, पुरा एक क्षणभर, त्याच्या मनात आलं की गाव यादीत न लागलेलंच बरं.

हे आलं मनात. आपल्याच. त्याने ते नीट बघितलं, तोंड फिरवलं नाही. आतमध्ये प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला, यादीचा की आणखी कशाचा ते बाहेरून कळत नव्हतं. माणूस पाचच्या फॉर्मवर कारणाची ओळ अजून कोरी होती, आणि पेन त्याच्या हातात होतं.